कोलोनचा मुक्काम

रोशनीनं पाठवलेल्या प्रवासाच्या पहिल्या बेतात सहा देशांतली सात शहरं होती. ती स्वतः राहत होती त्या कोलोनला मात्र एकच रात्र मिळाली होती, तीही गाडी बदलण्यापुरती.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. बेत मोबाइलवर आला तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, पिंटूनं, तो मोठ्यानं वाचून दाखवला. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग. तिचे वडील सोमाजी प्रत्येक नावाला मान हलवत होते, मच्छीमार संस्थेच्या सभेत जमाखर्च वाचताना हलवायचे तशी. आई गिरजा सुपात झिंगे निवडत होती. यादी संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे रोज बोचकं बांधा अन् रोज सोडा."

भानारकरांचं घर चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. सोमाजी नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकायचे, गिरजा ती मासळी आठवडी बाजारांत विकायची आणि पिंटू आपल्या छोट्या टेम्पोतून माल पोचवायचा. नवरा-बायको दोघांनाही चार एकर धानापेक्षा पाण्याचाच भरवसा जास्त होता. रोशनी गडचिरोलीला नर्सिंग शिकली, नागपुरात नोकरी करता करता जर्मन भाषेच्या परीक्षा देत गेली आणि तीन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कोलोनच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. भानारकरांच्या गावातून परदेशी नोकरीला गेलेलं ते पहिलंच माणूस. ग्रामपंचायतीसमोर तिच्या फोटोचा बॅनर लागला होता आणि त्यावर तिच्या नावाखाली कोणीतरी 'वैद्यकीय अधिकारी' असं छापून टाकलं होतं. चूक कोणाची होती कोण जाणे, पण ती कोणी दुरुस्त केली नाही. सोमाजींनीही नाही.

आता तिला आईवडिलांना आणि भावाला बोलवायचं होतं. विमानानं फक्त यायचं आणि जायचं, मधला सगळा प्रवास रेल्वेनं, असं तिनं ठरवलं होतं. दर रविवारी दुपारी, म्हणजे तिच्याकडची सकाळ, व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात आता दुसरा विषयच नव्हता.

पहिला वाद झाला तो महिन्यावरून. रोशनीला त्यांना जूनमध्ये आणायचं होतं, तेव्हा तिकडे ऊन पडतं आणि दिवस मोठे असतात.

"जूनमधी कसं जमन?" सोमाजी म्हणाले. "मे-जूनमधी तलाव उतरते, तेव्हाच तं खरी मासळी निघते. मंग जुलैत मासोळीचं बीज सोडाचं, मंग धानाचा रोवणा."

"मंग रोवणा झाल्यावर या."

"गणपती झाल्यावर येतो. तेव्हा धानाले काही काम नाई अन् मासोळीलेही वाढू द्या लागते."

रोशनीनं तिकडे रजेचं विचारलं आणि सप्टेंबर ठरला.

मग गिरजानं शहरांवर हात घातला. ती आठवड्यात चार बाजार करायची, पण एका दिवशी दोन बाजार तिनं आयुष्यात केले नव्हते. "एका गावी उतरलं की तिथी बसाव, चार लोकं पाहावं, त्यायच्या घरी काय शिजते ते तं समजलं पाह्यजे," ती लेकीला म्हणाली. "नुसते स्टेशनं मोजाले काऊन न्यून राह्यली आम्हाले?"

"आई, लोकं हेच पाहाले येतात. पॅरिसचा टॉवर पाहाचा नाई का तुले?"

"मले पाहाचा हाय," मागून पिंटू म्हणाला.

सोमाजींनी विचारलं, "तू मागं मोबाइलवर एक नदी दाखवली होती. कोळसा भरून जहाजं चालून राह्यले होते. ती कोणत्या गावची?"

"ती राइन, बाबा. ती तं इथलीच. माह्या दवाखान्यापासून पायी जाता येते."

"ती येते कुठून अन् जाते कुठी?"

रोशनीला हसू आलं. तिनं सांगितलं की ती स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या डोंगरात निघते, वाटेत एका ठिकाणी मोठ्या धबधब्यावरून पडते, फ्रान्सच्या कडेनं येते, जर्मनीतून वाहत जाते आणि हॉलंडमध्ये समुद्राला मिळते. सोमाजी ऐकत राहिले. तरुणपणी ते बापासोबत डोंग्यातून खाली वर्धा नदीच्या संगमापर्यंत गेले होते. त्याच्या पुढे वैनगंगेचं नाव बदलतं, पाणी गोदावरीत जातं, गोदावरी समुद्रात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण त्या पाण्याच्या मागे जाण्याइतकी सवड त्यांना कधी मिळाली नव्हती.

"रेल्वे तिच्या काठानं जाते का?" त्यांनी विचारलं.

"लय ठिकाणी जाते. खिडकीतून नदी दिसते."

"मंग तसंच जाऊ. वरून सुरू करू अन् समुद्रापर्यंत जाऊ."

पुढच्या रविवारी नवा बेत आला. झुरिकला विमानातून उतरायचं, धबधबा पाहायचा, मग बाझल, स्ट्रासबुर्ग, माइन्झ, कोलोन आणि शेवटी रॉटरडॅम. रोशनी आता स्वतःच रंगात आली होती. माइन्झपासून पुढे गाडीत कोणत्या बाजूला बसलं की नदी दिसते, हेही तिनं शोधून ठेवलं होतं. पिंटूनं यादी दोनदा पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे पॅरिस गेलं."

गिरजानं यादी त्याला पुन्हा वाचायला लावली. प्रत्येक गावापुढे रात्री लिहिल्या होत्या. बाझल दोन, स्ट्रासबुर्ग दोन, माइन्झ दोन, रॉटरडॅम तीन.

"अन् कोलोन?"

"एक."

गिरजानं फोन हातात घेतला. "रोशनी, तुह्या गावात एकच रात काऊन?"

"इथी पाहासारखं काही नाई, आई. एक मोठं चर्च हाय, स्टेशनच्या बाजूलेच. अर्ध्या दिवसात होते."

"आम्ही चर्च पाहाले येऊन राह्यलो का? तू राह्यते कुठी, खाते काय, काम कुठी करते, ते नाई पाहाचं आम्ही?"

पडद्यावर रोशनीचा चेहरा क्षणभर हलेनासा झाला. गिरजाला वाटलं, नेटवर्क गेलं. मग रोशनी म्हणाली, "आई, मले ड्यूटीले जाचं हाय. मंग बोलते," आणि फोन बंद झाला.

त्या आठवड्यात घरात कोणी मोकळेपणानं बोललं नाही. रविवारी तिची ड्यूटी नसते, हे तिघांनाही माहीत होतं. सोमाजींना वाटलं, नोकरी गेली असावी. पिंटू म्हणाला, कोणी गोरा पाहून ठेवला असेल. त्यावर गिरजानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेम्पो धुवायला निघून गेला. तिच्या स्वतःच्या मनात त्याहून वाईट शंका येऊन जात होत्या.

चामोर्शीच्या बाजारात माल लवकर संपला. गिरजानं पाटी पालथी घातली, तिच्यावर बसली आणि फोन लावला. आजूबाजूला गर्दी होती, पण घरातल्यापेक्षा तिथं तिला मोकळं वाटत होतं.

"पोरी, खरं सांग. काय झालं?"

"काही नाई झालं, आई."

"मंग आम्हाले तुह्या गावापासून दूर काऊन ठेवून राह्यली?"

रोशनी हळूहळू बोलू लागली. "आई, आपल्याकडे नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी, सलाईन लावणारी. पेशंटचं बाकी सगळं घरचे लोकं करतात. इथी घरचे नाई करत, आम्हीच करतो. सकाळी गेल्या गेल्या म्हाताऱ्यांचे अंग पुसून देते, कपडे बदलवते, दाढी करून देते, भरवते. घाण झाली तं तीही काढते. बायांची अन् माणसांचीही. दवाया, इंजेक्शन हायेच, पण पहिले हे."

गिरजानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गावात माह्या नावाचा बॅनर लागला. लोकं बाबांले म्हणतात, तुमची पोरगी डॉक्टरच्या वर हाय. तुम्ही इथी चार दिवस राह्यले तं दवाखान्यात कोणी ना कोणी भेटनच. मी काय करते ते बाबांले समजन. त्यांले वाटन, इतकं शिकून, इतक्या दूर जाऊन पोरीनं हेच केलं."

"तुले लाज वाटते का त्या कामाची?"

"मले नाई वाटत," रोशनी लगेच म्हणाली. "पहिले दोन महिने वाटली. आता नाई. बाबांले वाटन म्हणून मी..."

"मी बसमधी चढली की बाजूची बाई पदर नाकाले लावून उठते," गिरजा म्हणाली. "तुह्यासमोर झालं हाय ते. तू लहान होती, रडली होती. त्या वासाची तुह्या बाबाले कधी लाज वाटली का? घरी आल्यावर पहिले तेच पाणी आणून देतात माह्या हातावर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी नाई सांगत त्यांले," गिरजा म्हणाली. "तूच सांग. रविवारी."

रविवारी रोशनीनं सांगितलं. आईला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, आणि वडिलांकडे न पाहता. सोमाजी खाटेवर बसून ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "उचलाव लागते का त्यांले?"

"हाव. उचलाची पद्धत राह्यते, बाबा. शिकवतात. दोघी मिळून उचलतो."

"तुही कंबर नाई दुखत?"

"दुखते कधी कधी."

सोमाजी उठले आणि बाहेर गेले. गिरजा फोन धरून बसली. रोशनी पडद्यावर वाट पाहत होती, पिंटू जमिनीकडे पाहत होता. अंगणात रांजणातलं पाणी घेतल्याचा आवाज झाला. सोमाजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा आणि मिशा ओल्या होत्या. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला.

"कोलोनले चार दिवस ठेव," ते म्हणाले. "दुसरं जे कापाचं ते काप."

"बाबा, माही खोली लहान हाय. सैपाकघर सगळ्या पोरींचं मिळून हाय."

"आमच्या घरी कोणते महाल हायेत?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत मच्छीमार संस्थेची सभा होती. तलावाच्या कामाचं बोलणं झालं आणि चहा आला तेव्हा लटारूनं विषय काढला. लटारू आणि सोमाजी लहानपणापासून एका जाळ्यावर काम केलेले. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, कौतुकच होतं. "सोमाजीभाऊ, फॉरेनले चालले म्हणते. पोरगी तं डॉक्टरच्या वरची साहेब झाली म्हणते तिथी."

आजवर अशा वेळी सोमाजी नुसते हसायचे. या वेळी त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब नाई झाली," ते म्हणाले. "नर्स हाय. ज्या लोकांले उठता येत नाई, बसता येत नाई, त्यांले ती उचलते. न्हाऊ घालते, भरवते, त्यायची घाण काढते. इंजेक्शनही देते. त्या बॅनरवर चुकीचं लिहिलं होतं, मी तेव्हाच बोलाले पाह्यजे होतं. आम्ही तिचं काम पाहाले चाललो. बाकी गावं वाटेत लागतात म्हणून पाहू."

कोपऱ्यात बसलेले बापूजी संस्थेतले सगळ्यात जुने सभासद होते. त्यांची बायको लकव्यानं दोन वर्षं अंथरुणावर होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते म्हणाले, "आमच्या बुढीच्या वक्ताले सख्ख्या सुना दारातून पाहून जात होत्या. तुह्या पोरीले माहा आशीर्वाद सांगजो, सोमा."

सोमाजी घरी आले ते छाती काढून. गिरजानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, सभा चांगली झाली. खरं काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी लटारूच्या बायकोकडून कळलं.

मग बेत पक्का व्हायला वेळ लागला नाही. बाझल आणि माइन्झची एकेक रात्र कापली. पिंटूसाठी रोशनीनं एक तोड काढली. कोलोनहून पॅरिसला थेट गाडी होती. चार दिवसांपैकी एका दिवशी त्यानं एकट्यानं सकाळी जायचं आणि रात्री परत यायचं. गिरजाला ते पटत नव्हतं, पण पिंटू इतका खूश झाला की तिनं पुढे काही म्हटलं नाही. व्हिसासाठी तिघं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. वर्षानुवर्षं जाळं ओढून सोमाजींच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र त्यांना ओळखेना, तेव्हा तिथल्या मुलीनं ओल्या कपड्यानं त्यांची बोटं पुसून पुन्हा पुन्हा ठेवून घेतली. पासपोर्ट परत आले, त्यात व्हिसा होते. गिरजानं बॅगेत लाल तिखट, लाखोळीची डाळ आणि सुकी मासळी भरली. रोशनीनं फोनवर सांगून मासळी काढायला लावली, कारण त्या वासानं तिघांचेही कपडे घालण्यासारखे राहिले नसते.

सप्टेंबरमध्ये ते निघाले. झुरिकच्या विमानतळावर रोशनी उभी होती. गिरजानं तिला आधी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि मगच जवळ घेतलं.

बेतासारखं सगळं झालं नाही. धबधबा मनासारखा पाहून झाला, बाझल पाहून झालं, पण स्ट्रासबुर्गची गाडी रद्द झाली आणि फलाटावर बसून वाट पाहण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी रोशनीनं ते शहरच सोडून दिलं आणि सगळे दुसऱ्या गाडीनं सरळ माइन्झला गेले. ती फार हिरमुसली होती. गिरजा तिला म्हणाली, "आपल्या इकडच्या गाड्याही अशाच राह्यतात, तू काऊन मनाले लावून घेते?" तिनं डबा उघडला, फलाटाच्या बाकावर सगळ्यांना पोळ्या वाढल्या आणि शेजारी बसलेल्या एका म्हातारीलाही एक दिली. म्हातारीनं ती तिखट लावून खाल्ली आणि डोळे पुसत हसली.

माइन्झच्या पुढे नदी खिडकीला लागली. सोमाजी बसलेच नाहीत, खिडकीच्या दांड्याला धरून उभे राहिले. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारांवर द्राक्षांचे मळे, खाली पाणी. एका वळणावर प्रवाहाच्या मध्ये खडक दिसले तेव्हा ते पिंटूला म्हणाले, "इथी खाली ओढ असन पाण्याले. जहाजवाला पाहा कसा कडेनं काढून राह्यला." पिंटू मोबाइलवर तेच टिपत होता.

कोलोनला रोशनीची खोली खरंच लहान होती. पलंगावर गिरजा आणि रोशनी झोपायच्या, खाली बाप-लेक. सामायिक सैपाकघरात गिरजानं लाखोळीचं वरण केलं तेव्हा केरळच्या आणि फिलिपिन्सच्या नर्स मुली वासानं गोळा झाल्या. ती सगळ्यांना वाढत होती आणि प्रत्येकीला कामाचं विचारत होती. रोशनी मध्ये उभी राहून दुभाषाचं काम करत होती. पिंटू एकटा पॅरिसला जाऊन आला आणि आल्यावर दोन दिवस तेच बोलत होता.

तिसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. पेशंटच्या खोल्यांत बाहेरच्यांना जाता येत नव्हतं, म्हणून तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये ते कॉफी घेऊन बसले. गिरजानं नवी साडी नेसली होती, सोमाजींनी धुतलेलं पांढरं धोतर. थोड्या वेळानं एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आली. रोशनी उभी राहिली. त्या तिच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या, आईवडील आलेत हे ऐकून मुद्दाम खाली आल्या होत्या. त्यांनी दोघांचे हात हातात घेतले, समोर बसल्या आणि बोलू लागल्या. सावकाश, दोघांच्या डोळ्यांत पाहत, बराच वेळ. बोलता बोलता त्यांनी एकदा रोशनीच्या खांद्यावर हात ठेवला. रोशनी कान लाल होईपर्यंत खाली पाहत होती.

त्या थांबल्या तेव्हा रोशनी म्हणाली, "चांगलं काम करते म्हणतात."

गिरजानं तिच्याकडे पाहिलं. "इतका वेळ बोलल्या त्या, अन् तू इतकंच सांगून राह्यली?"

"आई, तेच बोलल्या."

"नाई. पूर्ण सांग. एक शब्द नको गाळू."

मुख्य सिस्टरांना भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं असावं. त्या हसल्या आणि वाट पाहत बसून राहिल्या. रोशनी सांगू लागली.

"म्हणतात, मी आली तेव्हा मले भाषा अर्धीच येत होती. पण जे पेशंट कोणाले अंगाले हात लावू देत नाईत, ते माह्या हातून अंग पुसून घेतात. म्हणतात, माह्या हाताले घाई नाई." तिनं एकदा मुख्य सिस्टरांकडे पाहिलं. "यंदापासून नव्या आलेल्या पोरींले मी शिकवते, ते मी तुम्हाले सांगितलं नव्हतं. अन् म्हणतात..." तिनं कॉफीचा कप बाजूला सारला. "म्हणतात, उद्या त्या स्वतः पलंगावर पडल्या, तं सकाळी दारातून मीच आत यावं असं त्यांले वाटते."

गिरजानं पदर तोंडाला लावला. पिंटूनं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. सोमाजी उभे राहिले, धोतर नीट केलं आणि त्या बाईसमोर हात जोडले.

"त्यांले सांग," ते लेकीला म्हणाले, "मी हिचा बाप होय."

"त्यांले मालूम हाय, बाबा."

"तरी सांग."

रोशनीनं सांगितलं. मुख्य सिस्टरही उठून उभ्या राहिल्या, त्यांनी सोमाजींचं पाहून तसेच हात जोडले, आणि वॉर्डात काम होतं तरी कॉफी संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.